खडकाला ओंजळ

जन्मभर बेडूक मारणाऱ्या माणसाविषयी लिहायला बसले की मला आधी त्याचा हात आठवतो. थंडगार आणि ओलसर, बारा महिने. मी कॉलेजात रुजू झाले त्या दिवशी लहानूमामांनी माझ्या हातात प्रयोगशाळेची किल्ली ठेवली, त्यांची बोटं लागली आणि मी दचकलेच. तर म्हणतात कसे, "भिऊ नका बाई, मानूसच हाय मी. बेडकांनी जरा गार क्येलंय."

लहानूमामा आमच्या नगरच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. मी वनस्पतिशास्त्राची. दोन्ही विषयांना मिळून एकच लांबलचक खोली, मधे कपाटांची भिंत. पलीकडे फॉर्मॅलीनचा वास, अलीकडे माझी वाळवलेली पानं. त्या कपाटांच्या फटीतून मी काही वर्षं या माणसाला बघत होते. मी तोंडाने फटकळ, अजूनही आहे. कारकुनापासून प्राचार्यांपर्यंत मी कुणाची भीड ठेवली नाही. मामांना मात्र कधी चढ्या आवाजात बोलल्याचं आठवत नाही. तशी वेळच त्यांनी आणली नाही.

मुलांना चिरायला बेडूक पुरवायचे हे त्यांचं मुख्य काम. बेडूक धरून आणायचे, टाकीत सांभाळायचे आणि प्रॅक्टिकलच्या दिवशी क्लोरोफॉर्मच्या बरणीत घालायचे. बरणीवर झाकण ठेवलं की मामा खिडकीकडे तोंड करून उभे राहायचे. टोपी काढून हातात घ्यायचे. बेडूक मेला असं ते कधीच म्हणायचे नाहीत. "निजला" म्हणायचे. मग एकेक बेडूक मेणाच्या ट्रेमध्ये उताणा ठेवताना प्रत्येक मुलाला तेच एक वाक्य ऐकवायचे, "येका जिवात समदं शिका. दुसरा मिळायचा न्हाई."

आणि खरंच मिळायचा नाही. एकदा एका बड्या बागायतदाराच्या मुलीने पहिल्याच कापात शीर तोडली आणि दुसरा बेडूक मागितला. मामांनी मान हलवली. पोरगी रडकुंडीला आली, मग रागावली, मग देवकुळे सरांकडे तक्रार घेऊन गेली. देवकुळे सर विभागाचे प्रमुख. ते म्हणाले, "द्या हो मामा एक, टाकीत ढीगभर पडलेत." मामांनी त्या मुलीचा ट्रे जवळ ओढला, चिमट्याने रक्त टिपलं आणि तुटलेल्या शिरेखालून दुसरी शीर शोधून दाखवली. "ही बघ. ह्याच्यात बी हाय. घाई क्येली तर कशातच दिसत न्हाई." शिकलेले होते चौथीपर्यंत. लिहायची सवय तर पार मोडलेली, सहीसुद्धा कष्टाने करायचे. पण बेडकाच्या पोटातलं त्यांच्याइतकं सरांनाही ठाऊक नव्हतं, हे मी सरांच्या देखतच बोलून दाखवलं होतं.

बेडूक आणायला ते श्रीगोंद्याकडे जायचे, उसाच्या पाटांवर. ओल्या गोणपाटात बेडूक भरून एस. टी.ने परत यायचे. एकदा त्या पोत्याचं तोंड सुटलं. गाडी गच्च भरलेली. आधी एका आजोबांच्या धोतरावर एक बेडूक, मग कंडक्टरच्या चामडी पिशवीवर एक, आणि मग काय विचारता! बायका पाय वर घेऊन किंचाळताहेत, ड्रायव्हर गाडी बाजूला घेतोय, कंडक्टर ओरडतोय, "कुनाचं हाय हे लचांड?" मामा शांतपणे सीटखाली शिरले आणि खालून आवाज आला, "आरं बाबांनो, कालेज आलं न्हाई अजून. कुटं उतरताय?" सगळी गाडी हसायला लागली. ही हकिकत मामा स्वतः कधी सांगत नसत. त्याच गाडीत माझा धाकटा दीर होता, त्याने घरी येऊन सांगितली. मी दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले, "धा पळालं बाई, उसात गेलं. त्यांचं नशीब." असं म्हणताना इतके खूश दिसले की मी पुढे काही विचारलंच नाही.

मामा मूळचे अकोले तालुक्यातले, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाचे. नगरहून अकोले, अकोल्याहून दुसरी गाडी, आणि गाडीचा रस्ता संपला की दोन तासांचा चढ. गावी त्यांची विधवा बहीण हौसाबाई आणि चार खाचरांची भातशेती. सुट्टी मिळाली की ते वर जायचे. आले की त्यांच्या बोलण्यात एक शब्द हमखास यायचा, पाझऱ्या. त्यांच्या गावाच्या डोक्यावर एक उभा काळा खडक होता, त्यातून बारा महिने पाणी झिरपायचं. त्या ओल्या खडकाच्या अंगावर राहणारी इवलीशी बेडकी म्हणजे पाझऱ्या. "आणि तिची पिल्लं, बाई, पान्यात ऱ्हात न्हाईत. खडकावर ऱ्हात्यात. शेपूट हाय, पन उड्या मारत्यात."

हे ऐकून देवकुळे सर मोठ्याने हसले होते. "मामा, शेपटीवाली पिल्लं पाण्याबाहेर उड्या मारतात? गावाकडं मोहाची चांगली मिळते वाटतं!" मामा पुढच्या रविवारी गावी गेले आणि सोमवारी दुपारी एक दगडाची चीप ओल्या फडक्यात गुंडाळून, तान्ह्या मुलासारखी उराशी धरून, दोन गाड्या बदलून घेऊन आले. वाटेत प्रत्येक स्टँडवर उतरून फडकं भिजवलं होतं म्हणे. सरांच्या टेबलावर चीप ठेवली, वरून बोटाने पाण्याचे चार थेंब सोडले. दगडाच्याच रंगाचं, नखाएवढं काहीतरी त्यावर चिकटलेलं होतं. लांब शेपूट, मागचे पाय फुटलेले. मामांनी हळूच फुंकर घातली आणि त्याने टुणकन वीतभर उडी मारली. सरांचा चष्मा नाकावरून घसरला. मी कपाटापलीकडून धावत आले.

सर लगेच कामाला लागले. जुनी पुस्तकं काढली, मोठ्या संग्रहालयाला पत्र लिहिलं. उत्तर आलं की वीस-पंचवीस नमुने फॉर्मॅलीनमध्ये घालून पाठवा, मोठे आणि पिल्लं दोन्ही, मग सांगू. नवी जात असेल तर नाव मिळेल. सरांनी बरण्या काढून मामांच्या पुढे ठेवल्या.

मामा म्हणाले, "न्हाई सर."

नोकरीत आल्यापासून ते सरांना पहिल्यांदाच तोंडावर नाही म्हणत होते. "पाटावरचं म्हनाल तेवढं आनतो. पर ह्या बरनीत जायच्या न्हाईत. येवढासा खडक हाय. पंचीस काडल्या तर मागं काय ऱ्हाईल?"

"अहो, नाव मिळेल तिला!"

"नाव हाय की सर. पाझऱ्या."

सर आठवडाभर धुसफुसत होते. मामांनी पुढच्या रविवारी, तोवर रोज भिजवत ठेवलेली ती चीप परत नेऊन खडकाशी लावून दिली.

सत्तर सालच्या पावसाळ्याच्या शेवटी मी हट्टाने त्यांच्याबरोबर गेले. मला शेवाळं गोळा करायचं होतं, असं मी घरी सांगितलं. खडक दोन पुरुष उंच, त्यावरून पाणी पडत नव्हतं, नुसतं पसरत होतं. काचेवर घाम धरावा तसं. खाली दगडात कोरलेला हौद. त्यात साठेल ते गावाचं पाणी. बायका हंडे घेऊन येत होत्या. आणि मी एक बघितलं. प्रत्येक बाई हंडा भरून झाला की हौदातून एक ओंजळ घ्यायची आणि वर खडकावर फेकायची. हसत, बोलत, बघितल्या न बघितल्यासारखी. डोक्यावर चुंबळ ठेवण्याइतकंच सवयीचं.

"हे काय?" मी हौसाबाईंना विचारलं.

"त्यास्नी," त्या खडकाकडे हनुवटी करून म्हणाल्या. "आमच्या आया-सासवा टाकायच्या, आमी टाकतो. त्या हाईत तवर पाझर हाय."

मामांनी माझा हात धरून तळवा खडकावर टेकवला. "थांबा अशाच. हलू नका." मी थांबले. थोड्या वेळाने माझ्या बोटांशेजारी काहीतरी हललं, मग अंगठ्यावरून उडून गेलं. मामा लहान मुलासारखे हसत होते. त्यांचा हात इतका थंड का असतो ते मला तेव्हा कळलं. गावी आले की तासन्‌तास ते असेच उभे राहत.

मग बहात्तर साल आलं. नगर जिल्ह्याला दुष्काळाचं नवल नाही, पण त्या वर्षी डोंगरसुद्धा कोरडे पडले. पूर्वेकडची माणसं खडी फोडायला रस्त्यावर बसली होती. आमच्या विद्यार्थ्यांची घरंच्या घरं त्या कामावर. प्रॅक्टिकलला बेडूक मिळेनात, पाट कोरडे. मामा रिकामी टाकी रोज पुसायचे. मला वाटलं निदान हे तरी बरं, काही जीव वाचले. मामांना तसं म्हटलं तर, "खडक सुकतोय बाई," म्हणाले.

त्र्याहत्तरच्या फेब्रुवारीत ते गावी जाऊन आले. तिसऱ्या दिवशी माझ्या बाजूला येऊन स्टुलावर बसले आणि सांगू लागले. खडकावरचं पसरलेलं पाणी हौदापर्यंत पोचेना, म्हणून बायकांनी भेगेत पळसाची पानं खोचून धार एका जागी आणली होती. धार थेट हंड्यात पडत होती. एक हंडा भरायला अर्धा दिवस. आणि बाकीचा सगळा खडक कोरडा पडत चालला होता, एका कोपऱ्याशिवाय.

"मग सांगा ना त्यांना पानं काढायला," मी म्हटलं आणि माझं मलाच कळलं की मी काय बोलले.

"कुनाला सांगू?" मामा म्हणाले. "हौसी बसलीया तिथं हंडा घिऊन. तिच्या सुनंला बाळ झालंय. तिला म्हनू, पानी सोड, बेडकीला पायजे?" त्यांनी तळहात माझ्यापुढे धरला. पहिल्यांदाच तो मला कोरडा दिसला. "तरी बाया येक येक ओंजळ टाकत्यात बाई. अजून. पर कवर टाकतील?"

त्यांना रजा हवी होती. गावी बसून काय करणार होते कोण जाणे, पण जायचं होतं. विद्यापीठाच्या परीक्षा तोंडावर आलेल्या, रजा मिळाली नाही. तेव्हा ते पोस्टकार्ड घेऊन माझ्याकडे आले. गावच्या शाळेचे गुरुजी वाचून दाखवतील म्हणाले. त्यांनी मजकूर सांगितला तो एवढाच. कोपरा वला ठिवा. येक ओंजळ पुरं हाय. मी येतो.

मी तेवढं लिहिलं. कार्डावर जागा उरली होती.

आता खोटं कशाला सांगू. मला तो मजकूर अपुरा वाटला. मी शिकलेली, मी बाई, मी जीवशास्त्र शिकवणारी. ओंजळभर पाण्याने काय होणार, ऊन केवढं! म्हणून मी माझ्या शहाणपणाने खाली लिहिलं, की ओंजळीने पाणी वाया घालवण्यापेक्षा सर्व बेडक्या व पिल्ले काळजीपूर्वक गोळा करून पाणी भरलेल्या मोठ्या भांड्यात ठेवावीत, वरून फडके बांधावे. वळणदार अक्षरात लिहिलं. मग विचारलं, "वाचून दाखवू?"

"न्हाई. तुमी लिवलं म्हंजे झालं," मामा म्हणाले आणि कार्ड कपाळाला लावून पेटीत टाकायला गेले.

एप्रिलमध्ये परीक्षा संपल्या त्याच दिवशी ते गावी गेले. आठ दिवसांनी आले. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "संपल्या बाई."

"सगळ्या?"

"समद्या."

"कशाने हो?"

मामा टाकीचा नळ घट्ट करत होते. घट्टच होता तो. "उनानं," म्हणाले.

देवकुळे सरांनी ऐकलं. मग हळू आवाजात म्हणाले, "निदान एक तरी बरणीत असती, मामा. आता कुणाला सांगायचं की अशी काही होती म्हणून?" मामांनी मान डोलावली. "चुकलंच माजं, सर." आणि फडकं घेऊन टेबलं पुसायला लागले. त्यानंतर प्रॅक्टिकलच्या वेळी ते खिडकीकडे तोंड करून उभे राहत, पण 'येका जिवात समदं शिका' हे म्हणेनासे झाले. मुलं दुसरा बेडूक मागत, मामा मुकाट्याने देत. मला ते बघवत नव्हतं.

त्या वर्षी पाऊस लागला, आणि चांगला लागला. श्रावणात मामा म्हणाले, "येता का बाई? कुटं भेगंत येखांदी ऱ्हायली आसंल." मी लगेच निघाले.

गाव हिरवंगार झालं होतं. हौसाबाईंनी नाचणीची भाकरी आणि माठाची भाजी वाढली. नातू मांडीवर घेऊन बसल्या आणि स्वतःहूनच बोलायला लागल्या. मला आनंद व्हावा म्हणून बोलत होत्या.

"बाई, तुमच्या कारडात लिवलं हुतं ना, तस्संच क्येलं बगा. गुरुजींनी दोनदा वाचून दावलं. समद्या जनी मिळून येचल्या, येक बी सोडली न्हाई. त्यो रांजन हाय ना दाराशी, त्यात ठिवल्या. येका येका घरानं तांब्या तांब्या पानी दिलं. आमी आंगुळी बंद क्येल्या हुत्या, पर त्यास्नी दिलं. खडकावर टाकायचं बंद क्येलं, वाया जातंय म्हून. पयल्या दिशी दोन मेल्या. मग वाटलं, पानी कमी पडतंय. म्हून आजून वतलं, पार गळ्यापातूर. फडकं बांदलं. तरी जगल्या न्हाईत वं. तुमचा दोस न्हाई त्यात. त्यांचं आविक्षच तेवडं."

मी रांजणाकडे बघितलं. गुळगुळीत, उंच, आतून निसरडा. टेकायला एक दगडसुद्धा नाही. ज्या जिवांना नुसता ओला खडक लागत होता, त्यांना मी गळ्यापर्यंत पाण्यात बुडवून वरून फडकं बांधायला सांगितलं होतं. त्या कोपऱ्यावर बायका तोवर ओंजळ टाकत होत्या. तीही मीच बंद करायला लावली होती. माझ्या अक्षरात.

मी तोंड उघडलं. मामा समोर बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघून 'नको' अशी मान हलवली, इतकी थोडी की हौसाबाईंना दिसली नाही. म्हणजे त्यांना एप्रिलपासून माहीत होतं. कार्ड गुरुजींकडून त्यांनी वाचून घेतलं असणार. आणि मला ते सांगत होते, उन्हाने.

मग ते बहिणीला म्हणाले, "लई जपलं तुमी हौसे. कोन जपतं येवढं."

हौसाबाईंनी पदराने डोळे टिपले. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की माझ्यामुळे झालं, माझ्यामुळे. पण सांगितलं असतं तर त्या बायकांना कळलं असतं की तोंडचं पाणी काढून दिलं, त्यानेच मारलं. मी आयुष्यात पहिल्यांदा तोंड मिटून बसले.

जेवण झाल्यावर आम्ही खडकाकडे गेलो. पाणी भरपूर होतं, सगळा खडक चमकत होता, वरपासून खालपर्यंत ओला. एक बाई हंडा भरून निघाली, थबकली, वळली, आणि सवयीने ओंजळभर पाणी रिकाम्या खडकावर फेकून गेली.

मी म्हटलं, "मामा, मला काही तरी बोला हो. शिव्या द्या."

"कशापायी?" ते म्हणाले. "कारड म्याच दिलं. वाचून दाव म्हनलो न्हाई. आपुन दोघांनी बी चांगलंच कराया बघितलं बाई."

शेवटच्या गाडीसाठी मला उतरायला हवं होतं. मामा येईनात. "तुमी व्हा फुडं, गुरुजी उतरत्यात, त्यांच्या संगं जावा. मी हाय जरा. अजून दिस हाय." ते दोन दिवसांची रजा घेऊन आले होते.

उतारावर वळण येण्याआधी मी मागे बघितलं. त्यांनी टोपी काढून दगडावर ठेवली होती आणि उजवा हात कोपरापर्यंत बाही सारून खडकावर सपाट टेकवला होता. अजिबात हलत नव्हते. बोटांवरून पाणी वाहत होतं. गुरुजी पुढून म्हणाले, "चला बाई, गाडी चुकंल." मी तरी थोडा वेळ थांबले, त्यांचा हात हलतो का ते बघत.